अनेक धर्मांचा शोध घेताना निःपक्षपाती मार्गदर्शक कसा शोधावा

जन्माने मिळालेल्या धर्माबाहेर डोकावून पाहावे, इतर परंपरा काय सांगतात ते नीट समजून घ्यावे आणि मग आपले आपण ठरवावे, असे वाटणाऱ्या माणसाला महाराष्ट्रात सामग्रीची वाण नाही. पंढरपूर, नागपूरची दीक्षाभूमी, नांदेडचा हुजूर साहिब, वसईची चर्चे, माहीमचा दर्गा ही सारी याच राज्यात आहेत, आणि त्या प्रत्येक परंपरेविषयी मराठीत बोलू शकणारी माणसेही आहेत. अडचण येते ती कोणाला विचारावे या प्रश्नापाशी. घरच्यांना विचारावे तर त्यांच्या मनात धास्ती उभी राहते. कीर्तनकार, फादर, मौलाना, भंते (बौद्ध भिक्खू) यांना विचारावे तर प्रत्येकाला आपलाच मार्ग खरा वाटतो, आणि ज्याने आयुष्य त्या मार्गाला वाहिले त्याला तसे वाटणे स्वाभाविकच आहे. ज्याला कोणताच धर्म पटत नाही त्याला विचारावे, तर त्याचेही मत आधीच ठरलेले असते.

ही अडचण फार जुनी आहे. अंगुत्तर निकाय या पाली बौद्ध ग्रंथातील कालामसुत्तात केसपुत्त गावचे कालाम लोक बुद्धांपुढे हेच गाऱ्हाणे मांडतात. आमच्याकडे श्रमण (घर सोडलेले साधक) आणि ब्राह्मण येतात, आपापल्या मताची थोरवी गातात आणि दुसऱ्याच्या मताची निंदा करतात. दुसरे येतात तेही तसेच करतात. तेव्हा खरे कोणाचे मानायचे? त्यावर बुद्ध प्रथम सांगतात की तुम्हाला शंका आली हे योग्यच झाले. मग ते ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथाचा आधार, केवळ तर्क, आणि ‘हा श्रमण आमचा गुरू आहे’ एवढ्यावरून ठेवलेला विश्वास यांपैकी कशालाच पुरेसा आधार मानू नका असे बजावतात. हे सुत्त सांगताना अनेक जण इथेच थांबतात आणि ‘स्वतःला पटेल तेच खरे’ असा त्याचा अर्थ लावतात. पुढचा भाग मात्र तितकाच महत्त्वाचा आहे. एखादी गोष्ट आचरणात आणल्यावर हिताची ठरते की अहिताची हे स्वतः पाहा, आणि जाणत्या माणसांनी ती वाखाणली आहे की निंदली आहे हेही पाहा, असे दोन निकष बुद्ध एकत्र देतात. म्हणजे स्वतःचा अनुभव हवाच, पण जाणत्याची साक्षही हवी. हा जाणता कोठून आणायचा आणि त्याची पारख कशी करायची, हाच या लेखाचा विषय आहे.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. पूर्णपणे निःपक्षपाती असा माणूस शोधत बसू नये, कारण तो सापडत नाही. ज्याची बाजू उघड आहे, आणि तरीही जो तुम्हाला मोकळे सोडतो, असा माणूस शोधावा. आणि अशी दोन-तीन माणसे वेगवेगळ्या परंपरांतली असावीत, म्हणजे एकाचा कल दुसऱ्यामुळे ध्यानात येतो.

आधी स्वतःचा प्रश्न लिहून काढावा

मार्गदर्शकाकडे जाण्यापूर्वी आपल्याला नेमके काय हवे आहे ते कागदावर उतरवावे. ‘मला सत्य हवे आहे’ असे लिहून भागत नाही. इस्लाममध्ये ईश्वराविषयी काय म्हटले आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर तो माहितीचा प्रश्न आहे आणि त्याला अभ्यासक चांगला. मन स्थिर होत नाही, कोणती साधना करावी, हा सरावाचा प्रश्न आहे आणि त्याला साधना शिकवणारा हवा. एखाद्या समूहात आपलेपणा वाटतो म्हणून तिकडे ओढा आहे, असेही असू शकते. त्यात गैर काही नाही, पण ते स्वतःशी कबूल केलेले बरे. लग्न ठरते आहे आणि समोरच्या घराचा धर्म वेगळा आहे म्हणून शोध सुरू झाला असेल, तर एवढे माहीत असावे की १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार दोघांनी आपापला धर्म न सोडता विवाह करता येतो. लग्नाची तारीख डोक्यावर असताना धर्माविषयीचा निर्णय घेणे मला तरी रास्त वाटत नाही.

जवळचे माणूस गेले असेल, घटस्फोट झाला असेल, नोकरी गेली असेल, अशा काळात धर्माची ओढ तीव्र होते. ती ओढ खोटी असते असे मुळीच नाही. पण त्या काळात माणूस आधाराला धरतो आणि आधार देणाऱ्याचे सारे मानतो, म्हणून आधार आणि मार्गदर्शन या दोन गोष्टी त्या वेळी निराळ्या ठेवाव्यात. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. धर्माचे प्रश्न चार महिने थांबू शकतात.

मार्गदर्शकाची पारख

सोळाव्या शतकात येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आध्यात्मिक साधनेसाठी एक मार्गदर्शिका लिहिली आणि ती १५४८ साली छापली गेली. साधकासाठी लिहिलेल्या वाटणाऱ्या या पुस्तकात आरंभीच्या बऱ्याच सूचना साधना करवून घेणाऱ्याला उद्देशून आहेत. त्यांतील पंधरावी सूचना अशी की, साधना चालू असताना मार्गदर्शकाने साधकाला संन्यासाकडे किंवा संसाराकडे, कोणत्याच बाजूला ढकलू नये. तराजूच्या काट्यासारखे मधोमध राहावे आणि ईश्वर व साधक यांच्यामध्ये येऊ नये. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की हे लिहिणारा माणूस स्वतः कडवा कॅथलिक होता. त्याची बाजू पक्की होती, पण समोरच्याच्या निवडीत हात घालायचा नाही हा नियम त्याने स्वतःला आणि आपल्या लोकांना घालून दिला होता. निःपक्षपातीपणा शोधताना मी हीच खूण पाहावी असे म्हणतो.

याच कारणाने ‘सर्व धर्म शेवटी एकच सांगतात’ असे पहिल्या भेटीत सांगणाऱ्याला निःपक्षपाती समजण्याची घाई करू नये. ती एक भूमिका आहे, तिला मोठी परंपरा आहे, आणि ती मांडणारी थोर माणसे आपल्याकडे होऊन गेली आहेत. पण ज्याला ती मान्य आहे तो भेदाच्या जागी तुम्हाला थांबू देत नाही. येशूचे क्रूसावरील मरण हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे, आणि येशूला मानाने पैगंबर मानणारे कुराण त्याला क्रूसावर मारले गेले नाही असे सांगते. बौद्ध मत नित्य आत्मा मानत नाही, तर जैन मत जीवाला अनादि मानते. हे भेद खरे आहेत आणि त्यांवर शतकानुशतके वाद झालेले आहेत. ते नीट समजावून सांगणारा आणि मग गप्प बसणारा माणूस, ते पुसून टाकणाऱ्या माणसापेक्षा तुमच्या जास्त उपयोगी पडेल.

दासबोधाच्या पाचव्या दशकात समर्थांनी गुरू म्हणवणाऱ्यांची एक लांबलचक यादी दिली आहे. करामती दाखवणारे, मंत्र देणारे, वैद्यकी करणारे, या साऱ्यांना लोक गुरू म्हणतात पण ते सद्गुरू नव्हेत, असे ते एकेकाला बाजूला काढत जातात. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही यादी आजही हाताशी ठेवावी इतकी उपयोगाची आहे.

पहिल्या भेटीत काय विचारावे? माझ्या मते तीन-चार प्रश्न पुरतात, पण ते स्पष्ट विचारावेत. ‘मी इतर परंपरांतील जाणत्यांकडेही जातो आहे, तुमची हरकत आहे का?’ हा पहिला. ‘तुमच्या परंपरेवर बाहेरच्यांचा सर्वांत वजनदार आक्षेप कोणता, आणि तो तुम्हाला किती पटतो?’ हा दुसरा. ‘अभ्यास करून मी तुमच्या मार्गाला आलो नाही, तर तुम्हाला काय वाटेल?’ हा तिसरा. आणि शेवटी, ‘तुमच्याकडे येऊन परत गेलेल्या कोणाशी माझी गाठ घालून द्याल का?’

उत्तरापेक्षा उत्तर देण्याची रीत पाहावी. दुसऱ्या प्रश्नावर एखादे भंते थोडे थांबून म्हणतील, “आत्मा नाही म्हणता, मग पुनर्जन्म कोणाचा, हा आक्षेप मोठा आहे. आमच्याकडे दिव्याने दिवा लावण्याचा दाखला देतात. मला तो पटतो, पण तुम्हाला अपुरा वाटला तर मी समजू शकतो. हिंदू दर्शनांची बाजू त्यांच्याच अभ्यासकाकडून ऐका.” असे उत्तर मिळाले तर त्या माणसाकडे पुन्हा जावे. उलट, “असे प्रश्न अहंकारातून येतात, आधी समर्पण करा, उत्तरे आपोआप मिळतील,” असे ऐकू आले तर चहा संपवून नमस्कार करावा आणि निघावे. समर्पणाला प्रत्येक धर्मात जागा आहे, पण ती मार्ग ठरल्यानंतरची आहे. ठरवण्याआधीच ते मागणारा माणूस तुमचा निर्णय स्वतःकडे घेतो आहे.

तिसऱ्या प्रश्नाला ‘वाईट वाटेल’ असे प्रामाणिक उत्तर आले तर ते खोटे ‘मला काय त्याचे’ यापेक्षा चांगले समजावे. वाईट वाटूनही जो पुढच्या भेटीची वेळ देतो, त्याच्यावर भरवसा ठेवता येतो.

उपकाराचे ओझे नको

पंडिता रमाबाईंची हकीकत या बाबतीत फार शिकवणारी आहे. १८८३ साली त्या मनोरमा या लहान मुलीला घेऊन वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ज्या अँग्लिकन भगिनी मठाचे काम पुण्यात चालत असे, त्याच मठात राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता झाल्या. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंचे प्रश्न संपले नाहीत. त्रैक्याचा सिद्धान्त (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर), ख्रिस्ताचे ईश्वरत्व, चर्चमधल्या अधिकाऱ्यांची सत्ता यांविषयी त्या विचारत राहिल्या आणि सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अवज्ञा दिसू लागली. आपण मोठ्या कष्टाने भारतातील पुरोहितांच्या जोखडातून सुटलो आहोत, आता तशाच दुसऱ्या जोखडात मान घालणार नाही, अशा आशयाचे त्यांनी निःसंकोच लिहिले. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील याही श्रद्धावान ख्रिस्ती होत्या, पण शंकेचा अनुभव त्यांना स्वतःला होता, आणि रमाबाईंच्या शंकांना त्यांनी पुष्कळ अधिक मोकळीक दिली.

दोघी एकाच चर्चच्या, दोघींचे रमाबाईंवर प्रेम होते, आणि दोघींच्या मार्गदर्शनात एवढा फरक. यातला काही भाग स्वभावाचा आहे, पण काही भाग परिस्थितीचाही आहे. जिच्या मठाने छप्पर दिले, मुलीला सांभाळले, तिच्यापुढे ‘मला हे पटत नाही’ म्हणणे किती जड गेले असेल याचा विचार करावा. रमाबाईंची छाती मोठी म्हणून त्या बोलल्या. आपल्यापैकी बहुतेकांना ते जमणार नाही, म्हणून तशी वेळच येऊ देऊ नये. ज्याच्याकडून मार्गदर्शन घ्यायचे त्याच्याकडून नोकरी, राहण्याची जागा, मुलांची फी, औषधपाणी, उसने पैसे यांपैकी काहीही घेऊ नये. संस्था ही मदत निर्मळ हेतूने देत असेल, तर ती घ्यावी आणि मार्गदर्शन दुसरीकडून घ्यावे.

उलट बाजूनेही हेच खरे आहे. मार्गदर्शकाला तुम्ही मोठी देणगी देऊ लागलात की तो तुम्हाला नाराज करायला कचरतो. प्रवचनाच्या वेळी पेटीत टाकतो तेवढे टाकावे, त्यापलीकडे वर्षभर तरी जाऊ नये.

कोठे शोधावे

विद्यापीठातील अभ्यासकांपासून आरंभ करणे मला सर्वांत सुरक्षित वाटते, कारण तुम्ही पुढे कोणता धर्म स्वीकारता याने त्यांना काहीच फरक पडत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पाली व बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे. पुण्यातच नगर रस्त्यावर ज्ञानदीप विद्यापीठ हे कॅथलिक धर्मशिक्षणाचे मोठे केंद्र आहे आणि तेथील प्राध्यापकांत भारतीय दर्शनांचे जाणकार असतात. शनिवार पेठेत स्नेहसदन ही येशूसंघीयांची संस्था आहे. मराठी संतपरंपरेचा आणि महाराष्ट्रातील विचारप्रवाहांचा अभ्यास केलेले जर्मन फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी ती उभी केली. तिच्यामागे धर्मांमधील संवादाची दृष्टी आहे. अशा ठिकाणी जाताना आधी पत्र किंवा दूरध्वनी करून वेळ घ्यावी आणि आपले लिहून काढलेले प्रश्न सोबत न्यावेत. अभ्यासकाची मर्यादाही ओळखावी. तो ग्रंथ उलगडून दाखवील, पण रात्री मन अस्वस्थ झाले तर काय करावे हे सांगणे त्याचे काम नव्हे.

धर्मप्रसार न करणाऱ्या समाजांतील माणसांशी बोलावे, ही सूचना फारशी कोणी करत नाही, पण ती मी आग्रहाने करीन. पारशी समाज बाहेरच्यांना सामान्यतः धर्मात घेत नाही. त्यांच्या अग्यारीत, म्हणजे अग्निमंदिरात, आपल्याला प्रवेशही नसतो. कोकणातले बेने इस्राएल ज्यू शतकानुशतके आपला शब्बाथ (शनिवारचा विश्रामदिन) पाळत इथे राहिले आणि त्यांनी कोणाला आपल्यात ओढले नाही. अशा घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाशी ओळख असेल, तर ते आपला धर्म कसा जगतात हे जरूर ऐकावे. तुम्ही त्यांच्याकडे यावे अशी त्यांची अपेक्षाच नसल्यामुळे ते श्रद्धेतल्या अडचणीही मोकळेपणाने सांगतात.

साधनेचा सराव करून पाहायचा असेल, तर इगतपुरीच्या धम्मगिरीचे उदाहरण घेता येईल. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांची विपश्यना शिबिरे तेथे १९७६ पासून होत आहेत. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत, आणि दानही केवळ एक शिबिर पूर्ण केलेल्या साधकाकडूनच स्वीकारतात, ही व्यवस्था नवख्या माणसाला मोकळे ठेवणारी आहे. मात्र शिबिराच्या काळात जपमाळ, पूजा, उपवास, इतर ध्यानपद्धती सर्व बंद ठेवावे लागते, आणि रात्रीच्या प्रवचनांतून धम्माची एक विशिष्ट मांडणी कानावर पडत असते. मार्ग सर्वांना खुला असला तरी तो एक मार्ग आहे, हे ध्यानात ठेवून जावे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये, असे खुद्द संस्थाच सांगते. अर्ज भरताना आजार लपवू नये.

परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला, विशेषतः शिकायला गेलेल्या मुलामुलींना, एक सोय उपलब्ध असते आणि ती अनेकांना ठाऊक नसते. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांत आणि बहुतेक विद्यापीठांत चॅप्लिन, म्हणजे आध्यात्मिक आधार देणारे धर्मसेवक, नेमलेले असतात. तुम्ही कोणत्याही धर्माचे किंवा कोणत्याच धर्माचे नसलात तरी त्यांच्याशी बोलता येते, आणि रुग्णालयातील चॅप्लिनला आपल्या धर्माचा प्रचार करण्याची व्यावसायिक आचारसंहितेने मनाई असते. अमेरिकेतील व्यावसायिक चॅप्लिनही आपली श्रद्धा दुसऱ्यावर लादायची नाही या नियमाने बांधलेले असतात. असा लेखी नियम असणे ही मोठी गोष्ट आहे, कारण नियम मोडला तर तक्रार कोणाकडे करायची ते ठरलेले असते.

वाचन आणि प्रत्यक्ष जाणे

मार्गदर्शकाकडे कोरे जाऊ नये. मराठी वाचकाला विनोबांची ‘गीताई’ ठाऊक असते, पण कुराणातील आणि बायबलमधील वेच्यांची त्यांची संकलने, धम्मपदाची त्यांनी लावलेली संगती आणि गुरू नानकांच्या जपुजीवरचे त्यांचे विवेचन तितके वाचले जात नाही. ‘समणसुत्तं’ हा जैन वचनांचा संग्रहही त्यांच्याच आग्रहातून निघाला आणि जैनांच्या सर्व प्रमुख पंथांनी त्याला १९७४ साली मान्यता दिली. आरंभ करायला ही पुस्तके उत्तम आहेत. पण संकलन म्हणजे संकलकाची निवड असते, आणि विनोबांचा कल जोडण्याकडे होता. म्हणून सारग्रंथ वाचून झाल्यावर मूळ ग्रंथाचे एक तरी पूर्ण प्रकरण, त्या परंपरेतील माणसाने केलेल्या भाषांतरातून वाचावे. शुभवर्तमानांपैकी मार्कचे सर्वांत लहान आहे, ते दोन बैठकांत होते. गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदे आहेत; ती आधी वाचली तर शीख परंपरेत मराठी वाचकाला ओळखीचा माणूस भेटतो. यूट्यूबवरचे धर्मांमधले वादविवाद मात्र या काळात पाहू नयेत. त्यांत बोलणारे जिंकण्यासाठी बोलतात, आणि ऐकणाऱ्याच्या मनात समज वाढण्याऐवजी बाजू घेण्याची ऊर्मी वाढते.

प्रार्थनास्थळी जाताना पाहुण्याच्या नात्याने जावे आणि ते आधी सांगावे. गुरुद्वाऱ्यात डोके झाकावे, तंबाखू-सिगारेट जवळ असू नये. अरदास (सामूहिक प्रार्थना), हुकमनामा (गुरू ग्रंथ साहिबमधील त्या वेळचे वचन) आणि नंतर लंगर (सामूहिक भोजन) यांना बसता येते, आणि लंगरात वाढायला उभे राहिले तर एका सकाळीत जे कळते ते वाचून कळत नाही. जैन स्थानकात ४८ मिनिटांचे सामायिक (समभावाने शांत बसण्याची साधना) असते, तिथे शांत बसायला सहसा कोणी हरकत घेत नाही. काही मशिदींत इतर धर्मीयांसाठी परिचयाचे कार्यक्रम ठेवतात, त्यांची चौकशी करावी. एरवी ओळखीच्या माणसाबरोबर जावे. कॅथलिक चर्चमध्ये मराठी मिस्सेला (उपासनेला) कोणीही बसू शकते, पण कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, वेळी सारे रांगेने पुढे जाऊ लागले की नवखा गोंधळतो. कॅथलिक नसलेल्याने ती भाकर घ्यायची नसते. आपण जागेवर बसून राहावे. कोणालाही त्यात वावगे वाटत नाही.

भेटीनंतर त्याच दिवशी वहीत दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात, काय पाहिले-ऐकले ते एका पानावर आणि आपल्याला काय वाटले ते समोरच्या पानावर. संगीत सुरेख होते, लोकांनी प्रेमाने वागवले, म्हणून शिकवण पटली असे पुष्कळदा वाटते. दोन पाने वेगळी असली की महिन्याभराने वाचताना ते उघड दिसते. हीच वही मार्गदर्शकाकडे न्यावी, आणि एका परंपरेतल्या माणसाने दुसरीविषयी काही सांगितले असेल तर त्या दुसरीतल्या माणसाला ते वाचून दाखवून ‘हे बरोबर आहे का’ असे विचारावे. इतरांचे मत जो त्यांनाही मान्य होईल अशा शब्दांत मांडतो, त्याच्या निःपक्षपातीपणाला याहून मोठी साक्ष लागत नाही.

कोठे पाऊल मागे घ्यावे

भेटी गुप्त ठेवायला सांगणे, घरच्यांशी बोलणे तोडायला लावणे, ‘अमुक तिथीच्या आत निर्णय घ्या’ असा धाक घालणे, एकांतात अंगाशी लगट करणे, आणि आजारपणात डॉक्टरची औषधे बंद करायला सांगणे, यांपैकी एकही गोष्ट घडली तर दुसऱ्या संधीचा विचार न करता संबंध संपवावा. चमत्काराचा दावा करून फसवणे, अघोरी उपाय सांगणे याला महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सहा महिने ते सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्याची तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.

कायद्याची आणखी एक बाजू मार्गदर्शक सहसा सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले आहे, पण धर्मांतराचे परिणाम नोंदींवर होतात. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झाले असेल आणि जोडीदारांपैकी एकाने हिंदू धर्म सोडून दुसरा धर्म स्वीकारला, तर दुसऱ्याला त्या कारणाने घटस्फोट मागता येतो. (बौद्ध, जैन आणि शीख यांना हा कायदा हिंदूंबरोबरच लागू आहे.) काही राज्यांत धर्मांतरापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांना सूचना देण्याची सक्ती आहे. अभ्यासाला, उपासनेला, प्रार्थनास्थळी जाण्याला यांतले काहीच आड येत नाही. पण नोंद बदलायची झाली तर आधी वकिलाला भेटावे, आणि तो वकील त्या संस्थेने सुचवलेला नसावा.

घाई न करण्याविषयी

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, आणि नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधल्या काळात निरनिराळ्या धर्मांचे पुढारी त्यांच्याकडे येत होते. १९३६ साली ते अमृतसरला शीख परिषदेला जाऊन आले, पुढे श्रीलंका आणि ब्रह्मदेशातील बौद्ध परिषदांना गेले, आणि वाचन तर अखंड चालू होते. त्यांच्यापुढे लाखो माणसांचा प्रश्न होता, आपल्यापुढे एकट्याचा आहे. तेवढी वर्षे आपल्याला लागणार नाहीत. पण जुने काय नको आहे हे ठरल्यावरही नवे काय हवे ते ठरवायला त्यांनी स्वतंत्र वेळ घेतला, आणि आलेल्या कोणत्याही निमंत्रणाला केवळ निमंत्रण म्हणून होकार दिला नाही. साध्या माणसानेही एका परंपरेला निदान एक पूर्ण वर्ष द्यावे असे मला वाटते, कारण वर्षभरात तिचे सण, उपवास, सुतक आणि लग्न हे सारे पाहून होते.

निर्णय झाला तर जुन्या मार्गदर्शकांचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. मज्झिम निकाय या दुसऱ्या पाली बौद्ध ग्रंथातील उपालीसुत्तात उपाली हा निर्ग्रंथांचा, म्हणजे जैनांचा, श्रीमंत अनुयायी बुद्धांशी वाद घालायला येतो आणि त्यांचे म्हणणे पटून उपासक होऊ इच्छितो. बुद्ध त्याला म्हणतात, नीट शोध घे, तुझ्यासारख्या नामांकित माणसाने पुरता विचार करूनच काही करावे. दुसरे आचार्य असते तर असा अनुयायी मिळाला म्हणून त्यांनी गावभर पताका मिरवल्या असत्या, असे उपाली स्वतः बोलून दाखवतो. बुद्ध पुढे सांगतात की तुझे घर निर्ग्रंथांसाठी फार दिवसांपासून पाणवठ्यासारखे आहे, तेव्हा ते दारी आले तर त्यांना भिक्षा देत जा. तुम्ही कोणत्याही मार्गाला लागलात तरी ज्यांनी वेळ दिला त्या सर्वांना स्वतः भेटून निर्णय सांगावा, त्यांची पुस्तके परत करावीत, आणि जुन्या परंपरेतल्या ज्या कामांना घरातून दर वर्षी काही जात होते, वारकऱ्यांचे एका मुक्कामाचे जेवण असो की गल्लीतल्या विहाराची वर्गणी, ते चालू ठेवावे. नवा मार्गदर्शक यावर काय म्हणतो, तेही ऐकून ठेवावे.